ग्रीस बदललं आणि ग्राइंडर जास्तच तापायलाय, कुठं चुकलं?

ट्रॉलीवाला · मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. शिरोलीच्या बाजूला आपलं पत्र्याचं शेड आहे, उसाच्या ट्रॉल्यांचं काम. दसऱ्याच्या आत चार ट्रॉल्या द्यायच्यात आणि नेमकं आत्ताच लोखंड घासायच्या-कापायच्या चार इंची ग्राइंडरनं डोकं तापवलंय. माझंही आणि स्वतःचंही.

मशीन तीन वर्षांचं. महिनाभर आवाज बदललेला, दळणाच्या गिरणीत खडा गेल्यासारखा. मागच्या वर्षी एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं होतं. त्यांनी पैसे घेतले आणि वरून लखलखीत पुसून दिलं. आता उघडून बघतोय तर आत ग्रीस मूळचंच! कडेला डांबरासारखं वाळून बसलेलं, दातांवर मात्र नावालासुद्धा नाही. म्हणून म्हटलं, ह्यावेळी आपणच करू.

मुंडीच्या, म्हणजे पुढच्या गिअरच्या डब्याच्या, खालच्या बाजूचे चार स्क्रू काढले, स्पिंडलसकट (व्हील बसतं तो दांडा) क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चाक, बाहेर घेतला, जुनं खरवडून काढलं. ट्रॉलीच्या हबात घालतो ते डब्यातलं ग्रीस बोटानं भरलं. वांग्यात मसाला भरावा तसं दाबून भरलं, एक कोपरा रिकामा सोडला नाही. झाकण बसवताना कडेनं बाहेर आलं तेवढं पुसून घेतलं.

चालू केलं तर आवाज लोण्यासारखा. पोरांना बोलावून ऐकवला. पण पाच मिनिटांत मुंडीवर हात टिकेना, आणि मनगटावर, शर्टाच्या बाहीवर मोहरीएवढे काळे ठिपके उडायला लागले. ग्रीस भरपूर आहे म्हणजे उलट थंड चालायला पाहिजे ना? कुठं चुकलं, सांगा की.

अर्धवट_इंजिनिअर · मंगळवार, रात्री १०.०५

दादा, उत्तर तुम्हीच लिहिलंय. "एक कोपरा रिकामा सोडला नाही."

चार इंची मशीनच्या पाटीवर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे लिहिलेले असतात. ते स्पिंडलचे. आतलं आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या कितीतरी पट फिरतं, कारण आर्मेचरच्या टोकाचं इवलंसं दातेरी पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं. ह्या वेगानं दात गच्च भरलेल्या ग्रीसमधून जायला लागले की ते वंगण राहत नाही, रवीनं ताक घुसळणं होतं. घुसळायला मोटरची ताकद जाते आणि ती सगळी उष्णता होऊन मुंडीत साठते. तापलं की ग्रीस पातळ होतं, फुगतं आणि जागा नसली की वाट काढतं. बाहीवर आलेले ठिपके म्हणजे तीच वाट.

आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भरायचा. त्याच्या वर नाही.

झणझणीत_कट · मंगळवार, रात्री १०.१२

वांगं भरलंय म्हटल्यावर शिजणारच की ओ.

रंकाळ्याकाठी · मंगळवार, रात्री १०.३०

ताबडतोब बंद करा ते. ग्रीस आत कार्बनवर (आर्मेचरला करंट पोचवणारे घासते तुकडे) जाणार, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडणार, ठिणग्या आणि मग आर्मेचर खलास. माझ्या मेव्हण्याचं असंच जळलं. नवीन आर्मेचर घालण्यापेक्षा नवीन मशीन परवडलं.

वायंडिंगकाका · बुधवार, सकाळी ६.५०

बंद करा हे बरोबर. कारण चुकीचं आहे.

मी उद्यमनगरात आयुष्य घालवलं. आधी ऑइल इंजिनच्या कारखान्यात उमेदवारी आणि नंतर मोटरच्या तारा नव्यानं गुंडाळायचं, वायंडिंगचं स्वतःचं टेबल. मशीन कसं श्वास घेतं ते आधी समजून घ्या. कार्बन असतात मागं, वायरच्या बाजूला. पंखा असतो पुढं, मुंडीच्या मानेपाशी. हवा मागच्या जाळीतून आत शिरते, कार्बनवरून, आर्मेचर-फील्डवरून पुढं येते आणि मुंडीजवळच्या फटींतून बाहेर फेकली जाते. पुढच्या बेअरिंगमधून सुटलेलं ग्रीस पहिल्यांदा पंख्याला भेटतं, आणि पंखा ते उडवतो बाहेर, तुमच्या बाहीवर. वाऱ्याच्या उलट चालत मागं कार्बनपर्यंत जायचं म्हणजे त्याला पोहायलाच यायला पाहिजे.

मेव्हण्याचं आर्मेचर जळलं असेल ते बहुधा मागच्या जाळीतून ओढल्या गेलेल्या लोखंडाच्या भुकटीनं. नाहीतर तापलेल्या मशीनवर जोर दिल्यानं. ग्रीसनं नुकसान होतंच, पण ते असं: पंख्याच्या पात्यांवर ग्रीस बसतं, त्यावर धूळ चिकटते, पाती जड होतात, वारा कमी पडतो. वारा कमी पडला की वायंडिंगचा वास यायला लागतो. माझ्या टेबलावर असली मशीनं यायची तेव्हा पंखा गोधडीसारखा झालेला असायचा.

ट्रॉलीवाले, आता असं करा.

प्लग बोर्डातून काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. हसू नका. पोरं "चालतंय का बघू" म्हणून बटन दाबतात. व्हील, गार्ड, बाजूची मूठ काढा. तुम्ही खालचेच चार स्क्रू काढलेत हे फार चांगलं केलंत. बरेच जण मानेचे चार काढतात. मग आर्मेचर मुंडीबरोबर ओढलं जातं, मागं कार्बन स्प्रिंगनं आत सरकतात, आणि परत बसवताना आर्मेचर त्यांच्यावर आपटून कार्बन तुटतात. नुसतं ग्रीस बदलायला मानेला हात लावायचं काम नाही. मान उघडायचीच असेल तर आधी दोन्ही कार्बन बाहेर काढून ठेवायचे. ह्या खेपेला तुम्हाला ती उघडावी लागेल, कारण पंखा पुसायचाय.

धुवायला रॉकेल किंवा डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश. पेट्रोल नको. त्याची वाफ कोपऱ्यात साठून राहते आणि ह्या मशीनचा धंदाच ठिणग्यांचा. मुंडी मानेपासून सुटी करून धुतली तर उत्तम. सुटी करायची नसेल तर मुंडी खाली, वायर वर, असं धरून धुवा, म्हणजे थेंब मोटरकडे जाणार नाही. आणि बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू नका. दोन्ही बाजूंनी रबरी किंवा पत्र्याचं झाकण असलेलं बेअरिंग कारखान्यातूनच ग्रीस भरून येतं. पत्र्याच्या झाकणाला बारीक फट असते. तिथून रॉकेल आत जातं, आतलं ग्रीस धुवून निघतं आणि महिन्याभरात बेअरिंग शिट्टी मारायला लागतं. कापडानं पुसायचं, बास.

पुसून झालं की बेअरिंग बोटानं सावकाश फिरवून बघा. बोटाला वाळू लागल्यासारखं वाटलं तर ते गेलं. क्राऊनचे दात उन्हात धरा. दातांवर मुंग्यांनी चावे घेतल्यासारखे खड्डे दिसले तर गिअर संपला. मग क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलायचे. नव्या-जुन्याचा संसार त्यात होत नाही.

ट्रॉलीवाला · बुधवार, सकाळी ७.३०

काका, दंडवत. रात्री उघडतो. दात काल बघितले होते, चांगले वाटले, तरी आता उन्हात बघतो. एक शंका: जुन्या ग्रीसमध्ये चमचम दिसत होती. ते लोखंडच ना?

वायंडिंगकाका · बुधवार, सकाळी ७.४५

दोन बोटांत चोळा. चरचर लागलं आणि उन्हात रुपेरी कण दिसले तर दातांचा कीस. तीन वर्षांत थोडा निघणारच. नुसता काळा रंग बघून घाबरू नका. मॉलिब्डेनमवालं ग्रीस डब्यातूनच काळं येतं.

बिडातला_माणूस · बुधवार, दुपारी १.१५

मी फौंड्रीत फेटलिंगला आहे, गोकुळ शिरगावात. आमच्याकडं ग्राइंडर हे हत्यार नाही, तो कामगारच. वाळूच्या साच्यातून निघालेल्या बिडाच्या कास्टिंगची किनार, रायझरचे बुडखे, चिकटलेली वाळू, सगळं त्यानंच उडवायचं. पाळी सुरू झाली की मशीन खाली ठेवलं जात नाही. त्यात बिडाची भुकटी आणि वाळू, म्हणजे पॉलिश पेपरच हवेत तरंगतोय समजा.

आमचा अनुभव: झाकणाची कड नीट पुसल्याशिवाय मुंडी उघडायची नाही. आधी बाहेरून ब्रशनं झाडायची, मग स्क्रूला हात. नाहीतर उघडतानाच वाळू आत पडते, आणि मग नवीन ग्रीस घालून आपणच दात घासायची पेस्ट तयार करतो. आमच्यातल्या एकानं हवेच्या पाइपनं मुंडी फुंकली होती. सगळी भुकटी थेट बेअरिंगमध्ये. वर ते बेअरिंग हवेनं गरागरा फिरवून "बघा कसं पळतंय" म्हणून दाखवत होता. फोरमननं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ट्रॉलीवाले, तुमच्या हबाच्या ग्रीसबद्दल कुणी बोललंच नाही. डब्यावर काय लिहिलंय?

ट्रॉलीवाला · बुधवार, दुपारी २.००

एपी ३. पिवळसर तपकिरी आहे. बाजूला लिथियम असं बारीक लिहिलंय.

अर्धवट_इंजिनिअर · बुधवार, दुपारी २.४०

आता मजा आहे, जरा लांबण लावतो.

ग्रीस म्हणजे तेल आणि साबण. साबण हा स्पंज आणि तेल त्याच्यात शोषलेलं. वंगणाचं काम करतं ते तेल, साबण फक्त त्याला जागेवर धरून ठेवतो. तुम्हाला कडेला जे डांबर सापडलं ते बरंचसं साबणच. तीन वर्षांच्या तापानं तेल निघून गेलं आणि मागं चोथा राहिला.

लिथियम हा त्या साबणाचा प्रकार. साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या पुढं जाईपर्यंत वितळून थेंब सोडत नाही. जुन्या धाटणीचं कॅल्शियमचं चॅसिस ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण १०० अंशांच्या आसपासच हात टेकतं. म्हणून ते ग्राइंडरच्या मुंडीत नको. तिथपर्यंत तुमचा डबा पास.

गोची त्या ३ मध्ये आहे. तो दर्जा नव्हे, घट्टपणाचा क्रमांक. २५ अंशांना ग्रीसमध्ये एक ठरावीक वजनाचा शंकू सोडतात आणि तो किती रुतला हे मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ नंबरात २६५ ते २९५, ३ नंबरात २२० ते २५०. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं ग्रीस घट्ट. शून्य नंबर आमटीकडं झुकतो, ३ नंबर खव्याकडं.

घट्ट ग्रीसचा दोष असा की दात त्यात एकदा चर पाडतात, ते भिंतीला जाऊन चिकटतं आणि परत खाली येत नाही. दात मधल्या चरात कोरडे फिरत राहतात. चाकाच्या हबात हे चालतं, तिथं वेग कमी आणि ग्रीस बेअरिंगलाच लागून असतं. ग्राइंडरच्या गिअरला २ नंबर बरं, आणि त्यात दाब सोसणारं ईपी मिळालं तर उत्तम. काही कंपन्या आपल्या मशीनला ह्याहून मऊ ग्रीस घालतात. पुस्तिकेत नाव दिलं असेल तर तेच आणा. छोटी ट्यूब मिळते, तीत दोन-तीन वेळा भागतं.

बिडातला_माणूस · बुधवार, दुपारी ३.०५

सर, कागदावर बरोबर. पण आमच्या फौंड्रीत एपी ३ वर कित्येक मशीनं चाललीत. पावसाळ्यात तर घट्टच बरं वाटतं, पातळ ग्रीस स्पिंडलच्या सीलमधून गळतं आणि व्हीलवर येतं. व्हीलवर ग्रीस म्हणजे काम बंद.

अर्धवट_इंजिनिअर · बुधवार, दुपारी ३.२०

चालतात हे मान्य. तुम्ही किती दिवसांनी उघडता?

बिडातला_माणूस · बुधवार, दुपारी ३.२५

दर दीड-दोन महिन्यांनी. कार्बन बदलताना उघडतोच.

अर्धवट_इंजिनिअर · बुधवार, दुपारी ३.३१

मग चालणारच. भिंतीला गेलेलं ग्रीस तुम्ही दर दोन महिन्यांनी हातानं परत दातांवर आणून ठेवताय. ट्रॉलीवाल्यांनी तीन वर्षांत एकदा उघडलंय.

बिडातला_माणूस · बुधवार, दुपारी ३.३४

हां, हे पटलं.

गच्चीवरची_बाग · बुधवार, दुपारी ४.५०

मध्येच विचारते. मी घरी कुंड्यांचे लोखंडी स्टँड बनवते, महिन्यातून दोन रविवार ग्राइंडर चालतो. मलाही उघडावं लागेल का? आणखी एक: २०१९ च्या पुरात शाहूपुरीत माहेरचं तळघर बुडालं होतं, त्यात वडिलांचा जुना ग्राइंडर होता. तो अजून तसाच पोत्यात आहे. चालू करून बघू का?

वायंडिंगकाका · बुधवार, सायंकाळी ५.३०

ताई, तुमच्या स्टँडच्या मशीनला इतक्यात हात लावू नका. आवाज बदलला, मुंडी आधीपेक्षा लवकर तापायला लागली किंवा स्पिंडलपाशी ओलं दिसलं, तरच उघडा. चांगलं चाललेलं उघडून बिघडवणारे माझ्याकडं कमी आले नाहीत.

वडिलांचा ग्राइंडर मात्र प्लगला लावूच नका. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, गाळ. त्या वर्षी आणि पुन्हा २०२१ ला माझ्या टेबलावर असल्या मशीनांचा ढीग होता. मुंडी उघडली की ग्रीस ताकासारखं पांढरं, बेअरिंग गंजून दगड. वायंडिंगमध्ये ओल राहिली असेल तर बॉडीला करंट उतरतो. आधी सगळं सुटं करून धुणं, वायंडिंग वाळवणं, मेगरनं इन्सुलेशन तपासणं, बेअरिंग नवीन. आठवण म्हणून करायचं असेल तर करा. खर्चाचा हिशेब बघायला गेलात तर जुळणार नाही.

गच्चीवरची_बाग · बुधवार, सायंकाळी ५.४२

आठवण म्हणूनच करायचं आहे, काका. रविवारी घेऊन येऊ का?

वायंडिंगकाका · बुधवार, सायंकाळी ५.५०

टेबल आता भाच्याकडं असतं, पण या. मी तिथंच चहा पीत बसलेला असतो.

ट्रॉलीवाला · गुरुवार, रात्री ११.१०

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण मापाचा आकडा मला कुठंच सापडला नव्हता.

आमच्या शेजारी हुपरीचे एक पाहुणे भाड्यानं राहतात. चांदीचे पैंजण करतात. त्यांच्याकडं डिजिटल काटा आहे. म्हटलं, तिसरा हिस्सा, निम्मा हे डोळ्यांनी कळत नाही, जोखूनच बघू. स्टीलची वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि मुंडीतलं सगळं ग्रीस काडीनं वाटीत काढलं. भरलं ४४ ग्रॅम! बाहीवर आणि पंख्यावर गेलेलं वेगळं. काकांनी म्हटलं तसाच पंखा निघाला, पात्यांच्या मुळाशी काळी साय.

कार्बन आधी काढले. मान उघडली, पंखा सुक्या कापडानं पुसला. मुंडीची पोकळी रॉकेलनं धुतली, बेअरिंगला रॉकेल लागू दिलं नाही. दात उन्हात बघितले. एका दातावर टोचल्यासारखी एक खूण आहे, बाकी साफ. स्पिंडलचं बेअरिंग गुळगुळीत.

एक घोळ झाला, तो सांगतो. व्हील बदलताना दाबतो ते लॉकचं बटन. त्याची पिन आणि स्प्रिंग मुंडी पालथी केल्यावर टुणकन उडाली. स्प्रिंग पत्र्याच्या चुऱ्यात. पाऊण तास चुंबक फिरवत बसलो, धाकट्याला सापडली. पुढं कुणी उघडणार असेल तर खाली पांढरं कापड अंथरा.

नवीन २ नंबरचं ईपी ग्रीस लक्ष्मीपुरीतून आणलं. दुकानदार म्हणाला, "ट्रॉलीला एवढंसं काय पुरतंय?" क्राऊनच्या दातांच्या खाचांत बोटानं गोल फिरवून भरलं, पिनियनला लावलं, उरलेलं खालच्या बाजूला ठेवलं. एकूण १६ ग्रॅम. मनाला पटेना. इतकं रिकामं दिसत होतं की दोनदा हात डब्याकडं गेला.

स्क्रू तिरपे, समोरासमोरचे असे थोडे-थोडे आवळले. स्पिंडल हातानं फिरवून बघितला, कुठं अडकत नाही. मग व्हील न लावता, चष्मा घालून, मुंडी भिंतीकडं करून दोन मिनिटं चालवलं. बंद करून हात लावला, कोमट. व्हील आणि गार्ड लावून पंधरा मिनिटं अँगल कापले. मुंडी गरम आहे, पण हात टिकतो. बाही स्वच्छ.

आवाज मात्र परवाच्यापेक्षा थोडा मोठा आहे. लोण्यासारखा नाही.

वायंडिंगकाका · शुक्रवार, सकाळी ६.३५

परवाचा आवाज ग्रीसनं तोंड दाबून धरल्याचा होता. आत्ताचा गिअरचा आहे. तिरक्या दातांचा गिअर थोडा गुणगुणतोच. गुणगुणण्यात मध्येच टकटक आली तर ती टोचल्याची खूण मोठी झाली समजा. मग जोडी बदला.

१६ ग्रॅम ठीक आहे. माझ्या हाताचं माप चार इंचीला १५ ते २० ग्रॅम. मोठ्या बोराएवढा गोळा. पुस्तिकेत आकडा असला तर माझा सोडा आणि तो धरा.

रंकाळ्याकाठी · शुक्रवार, सकाळी ९.००

काका, मेव्हण्याला विचारलं. ग्रीसचा संबंध नव्हता. चार इंची मशीनचा गार्ड काढून त्यानं पाच इंची व्हील लावलं होतं आणि दिवसभर दाबून चालवलं. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वायंडिंगकाका · शुक्रवार, सकाळी ९.१०

मशीन जळलं ह्यावर निभावलं म्हणायचं. व्हीलच्या कागदावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत सोसणाऱ्या चार इंची व्हीलला १५,३०० आणि पाच इंचीला १२,२५०. मशीनचे ११,००० त्याच्या आत, म्हणजे कागदावर बसेल तो वेग. पण गार्ड काढून मोठं व्हील लावलं की ते फुटल्यावर तोंड आणि व्हील ह्यांच्यामध्ये काहीच राहत नाही. मेव्हण्याला माझ्याकडं पाठवा, मोफत बोलणी देतो.

झणझणीत_कट · शुक्रवार, सकाळी ९.२५

ट्रॉलीवाले, पैंजणवाले पाहुणे काय म्हणाले काट्यावर ग्रीस बघून?

ट्रॉलीवाला · शुक्रवार, सकाळी ९.४०

वाटीला खालून ग्रीस लागलेलं माझ्या ध्यानात आलं नाही. ते काट्याच्या ताटलीवर गेलं. सकाळी त्यांनी त्यावर पैंजण ठेवला तर घसरून खाली. माझ्याकडं बघून म्हणाले, "ट्रॉलीवाले, किती ग्रॅम वंगण घालू पैंजणाला?" आता ताटली रॉकेलनं पुसून देतोय.

वायंडिंगकाका · शुक्रवार, सकाळी ९.४४

रॉकेलनं नको हो! वास राहतो. साबणाच्या पाण्यानं पुसा, आणि त्याआधी ताटली काट्यावरून उचलून घ्या.